वाटेंत हरवलेला माल कोणाचा ?

गतवर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या शाळेंतील नववीच्या वर्गांत एक लहानसा वाद उपस्थित झाला. त्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें दोन वर्षांच्या भाऊबिजेची ओवाळणी सांठवून एक मोठा शब्दकोश मागविला होता. किंमत नऊशें रुपये. ती वडिलांनीं फोनवरून आगाऊ भरली होती. पुस्तक आठ दिवसांत घरपोंच मिळेल असें विक्रेत्यानें कळविलें होतें. तीन आठवडे लोटले, तरी पुस्तक येईना. पृच्छा केली तेव्हां उत्तर आलें तें असें : "आम्हीं माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला आहे, आमची जबाबदारी तेथें संपली. पुढें काय झालें तें वाहतूकदारास विचारावें." वाहतूकदारास विचारलें, तर तो म्हणे, "आमचा व्यवहार विक्रेत्याशीं. तुमच्याशीं आमचा संबंध नाहीं."

मुलगी रडकुंडीस आली, आणि वर्गांत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, "ज्यानें पैसे घेतले त्यानें वस्तु दिली पाहिजे, वाटेंत काय झालें याच्याशीं आपणांस काय करावयाचें?" दुसरा पक्ष म्हणे, "विक्रेत्यानें तर पुस्तक खरोखरच पाठविलें, हरविलें दुसऱ्यानें. मग एका पुस्तकाच्या किंमतींत त्यानें दोन पुस्तकें कां द्यावींत ?" दोन्ही पक्षांचें म्हणणें आम्हांस विचार करण्याजोगें वाटलें. आजकाल घरोघरीं दूरवरून वस्तु मागविल्या जातात, आणि आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे पालक स्वतःच बेदाणे, हळद, गूळ, पापड, लोणचीं अशा वस्तु परगांवीं पाठवून चरितार्थ चालवितात. सबब हा प्रश्न केवळ एका मुलीचा नव्हे. त्याचा उलगडा शक्य तितक्या सोप्या रीतीनें करण्याचा आम्हीं येथें प्रयत्न केला आहे.

तिसरा हात

सातारच्या मोती चौकांत आपण कंदी पेढे घेतों, तेव्हां हा प्रश्न उद्भवतच नाहीं. एका हातानें पैसे देतों, दुसऱ्या हातानें पुडा घेतों. पुडा वाटेंत सांडला तर नुकसान आपलें, हें लहान मुलासही कळतें. परंतु विकणारा एका गांवीं व घेणारा दुसऱ्या गांवीं असला, म्हणजे दोघांच्या हातांमध्यें एक तिसरा हात येतो. तो गाडीवानाचा असो, रेल्वेचा असो, टपालखात्याचा असो, कीं मोटारवाहतुकीच्या कंपनीचा असो. माल त्या तिसऱ्या हातांत असतांना नाहींसा झाला, तर तो हात त्या वेळीं कोणाच्या वतीनें माल धरून होता, हा खरा प्रश्न होय.

आपल्या सातारा-सांगली भागास हा तिसरा हात जुन्या ओळखीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग झाला, आणि येथील माल दूरदूर जाऊं लागला. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, व तेथील लोखंडी नांगर आगगाडीनें शेतकऱ्यांकडे जाऊं लागले. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ कांचेचा कारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील कित्येक घरांतून लागत असे. सांगलीची हळद, मिरजेचे तंबोरे, तासगांवचे बेदाणे हाही सारा माल गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड भरला जातो व परगांवीं उतरतो. म्हणून आमच्या मुलीच्या शब्दकोशाचा प्रश्न येथील व्यापाऱ्यांस नवा नाहीं.

ज्याचा माल, त्याची जोखीम

मालाच्या विक्रीसंबंधीं आपल्या देशांतील मुख्य कायदा १९३० सालचा असून, तो त्या वर्षाच्या १ जुलैपासून अंमलांत आहे. तत्पूर्वीं हे नियम १८७२ च्या करारविषयक कायद्यांतच समाविष्ट होते. १९३० च्या कायद्याच्या २६ व्या कलमांत या विषयाचें मूलतत्त्व आहे. तें असें कीं, उभय पक्षांत निराळें ठरलें नसेल तर मालाची मालकी ज्याची, त्याचीच जोखीम. मालकी विक्रेत्याकडे आहे तोंवर नुकसान विक्रेत्याचें. ती खरेदीदाराकडे गेली कीं नुकसानही त्याच्याकडे गेलें, मग माल अद्याप त्याच्या हातीं आलेला असो वा नसो.

मग मालकी केव्हां पालटते ? याचें उत्तर हरिपूरच्या हळदीवरून चांगलें समजेल. सांगलीजवळील या गांवीं हळद जमिनींतील खोल पेवांत सांठवून ठेवण्याची जुनी रीति आहे. समजा, एका व्यापाऱ्यानें पेवांतील हळदीपैकीं पन्नास पोतीं विकण्याचें कबूल केलें, आणि हळद काढून, मोजून, वेगळी ठेवण्यापूर्वींच कृष्णेचें पाणी पेवांत शिरलें. नुकसान कोणाचें ? विक्रेत्याचें, कारण त्या साऱ्या राशींतील कोणतीं पन्नास पोतीं खरेदीदाराचीं, हें अद्याप ठरलेंच नव्हतें, आणि जो माल ठरला नाहीं त्याची मालकी पालटत नाहीं. याच्या उलट, पन्नास पोतीं मोजून, शिवून, खुणा घालून खरेदीदाराच्या नांवें रवाना केलीं, म्हणजे तीं सामान्यतः खरेदीदाराचीं झालीं.

येथें वर्गांतील दुसऱ्या पक्षास आनंद होईल. कारण याच कायद्याचें ३९ वें कलम असें सांगतें कीं, करारान्वयें विक्रेत्यानें माल पाठवावयाचा असेल, तर वाहतूकदाराच्या स्वाधीन केलेला माल सकृद्दर्शनीं खरेदीदारासच पोंचला असें धरावें. मग तो वाहतूकदार खरेदीदारानें नेमलेला असो वा नसो. तेव्हां "आमची जबाबदारी तेथें संपली" हें विक्रेत्याचें उत्तर निव्वळ उडवाउडवीचें नव्हतें. त्यास कायद्याचा एक आधार होता. परंतु 'सकृद्दर्शनीं' या शब्दाकडे दुर्लक्ष करूं नये. हा नियम म्हणजे दुसरें कांहीं ठरलें नसतां लागू होणारा नियम. त्याला जे अपवाद आहेत ते नियमाइतकेच महत्त्वाचे आहेत.

नियमास अपवाद

पहिला अपवाद कराराचा. "माल तुमच्या दारीं पोंचवूं" असें विक्रेत्यानें कबूल केलें असेल, तर वाहतूकदाराच्या स्वाधीन करणें हें त्याचें अर्धेंच काम झालें. दारापर्यंतची जोखीम त्यानें स्वतः पत्करलेली असते. असा करार असतांही मालाची प्रवासांत अपरिहार्यपणें होणारी झीज मात्र खरेदीदारानें सोसावी, असें ४० वें कलम सांगतें. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नागपुरास पोंचेपर्यंत थोडी मऊ पडली, तर तें तिच्या स्वभावांतच आहे. पेटीच नाहींशी झाली, तर तो तिचा स्वभाव नव्हे.

दुसरा अपवाद विक्रेत्याच्या सावधगिरीचा. मालाचा प्रकार पाहून विक्रेत्यानें वाहतूकदाराशीं वाजवी करार केला पाहिजे. मिरजेचा तंबोरा घ्या. त्याचा वाळका भोपळा एका धक्क्यानें फुटतो. तो वस्तु कोणती हें न सांगतां, किंमत न नोंदवितां, चार रुपये वांचविण्याकरितां सर्वांत कमी जबाबदारीच्या दरानें रवाना केला आणि तो फुटला अगर हरवला, तर खरेदीदार म्हणूं शकतो कीं, "वाहतूकदारास दिलेला माल मला पोंचला असें मी मानीत नाहीं." किंवा तो विक्रेत्याकडून नुकसानभरपाई मागूं शकतो.

तिसरा अपवाद पावतीचा. व्यापारी पुष्कळदां रेल्वेची पावती खरेदीदाराच्या नांवें न करतां स्वतःच्याच नांवें करून ती बँकेमार्फत धाडतात; पैसे भरावे तेव्हां पावती सुटते. यांत व्यापाऱ्याचें हित उघड आहे, कारण पैसे मिळेपर्यंत माल त्याच्या ताब्यांत राहतो. परंतु मालकी राखून ठेवली म्हणजे जोखीमही सामान्यतः तिच्याबरोबर राहते.

चौथा अपवाद दिरंगाईचा. ज्या पक्षाच्या चुकीमुळें माल पोंचण्यास उशीर झाला, त्या उशिरामुळें जें नुकसान होण्याचा संभव, तें त्याच पक्षाचें. विक्रेत्यानें माल चार दिवस कोठींत पडूं दिला तर तो दोषी. खरेदीदारानें चुकीचा पत्ता लिहिला किंवा स्टेशनवर आलेला माल वेळेवर सोडविला नाहीं, तर दोष त्याचा. विद्यार्थ्यांनीं हें विसरूं नये कीं, पत्ता स्वच्छ व पूर्ण लिहिणें हें खरेदीदाराचें कर्तव्य आहे.

ओगलेवाडीचा खटला

तिसरा हात कोणाचा, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याच जिल्ह्यांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत झाला आहे, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असेल. ओगलेवाडी त्या काळीं औंध संस्थानांत, म्हणजे ब्रिटिश हद्दीबाहेर होती. ओगले काचकारखाना हिंदुस्थान सरकारास कंदील व इतर माल पुरवीत असे. त्या मालाचे पैसे चेकनें द्यावेत असें कारखान्यानें सरकारास कळविलें होतें, आणि त्याप्रमाणें सरकारनें दिल्लीहून चेक टपालानें धाडले. पुढें प्राप्तिकराचा प्रश्न निघाला. कारखान्यास हे पैसे कोठें मिळाले ? पाकीट हातीं पडलें त्या ओगलेवाडीस, कीं तें टपालांत पडलें त्या दिल्लीस ?

येथें कांहीं हरवलें नव्हतें. परंतु प्रश्न तोच होता. पाकीट टपालखात्याच्या हातीं असतांना तें खातें पाठविणाऱ्याचा प्रतिनिधि, कीं घेणाऱ्याचा ? १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला तो असा कीं, सामान्यतः टपालखातें हें पाठविणाऱ्याचें प्रतिनिधि. परंतु घेणाऱ्यानें स्पष्टपणें अगर सूचकपणें टपालानें पाठविण्यास सांगितलें असेल, तर तें घेणाऱ्याचें प्रतिनिधि होतें. कारखान्याच्या विनंतीवरून चेक टपालांत पडले, तेव्हां ते दिल्लीसच कारखान्यास मिळाले असें ठरलें, व कर लागू झाला.

यांतून एक व्यावहारिक बोध घेण्यासारखा आहे. "टपालानें पाठवून द्या" हें वाक्य आपण सहज लिहून टाकतों. पण त्या एका वाक्यानें वाटेंतील जोखीम या खांद्यावरून त्या खांद्यावर जाऊं शकते. म्हणून पैसे असोत वा माल, मागवितांना काय लिहितों तें नीट पाहून लिहावें.

वाहतूकदाराचें देणें

माल हरविणारा हात मोकळाच सुटतो काय ? तसें नाहीं. मात्र त्याची जबाबदारी सर्वत्र सारखी नाहीं.

रेल्वेकडून पूर्वी साधारण समंजस माणसाइतक्या काळजीचीच अपेक्षा असे. १९६२ पासून तिच्यावर अधिक कडक जबाबदारी आली. आजचा रेल्वेचा कायदा १९८९ चा आहे. त्याअन्वयें नैसर्गिक आपत्ति, युद्ध इत्यादि कांहीं कारणें सोडून मालाच्या नुकसानीस रेल्वे जबाबदार असते. परंतु किंमत आधीं जाहीर केली नसेल तर भरपाईस मर्यादा पडते, आणि माल दिल्यापासून सहा महिन्यांच्या आंत लेखी मागणी करावी लागते. सडकेवरील वाहतुकीस १८६५ चा जुना कायदा दीर्घकाळ लागू होता. त्याच्या जागीं २००७ चा कायदा आला व तो २०११ पासून अमलांत आहे. त्यांतही तोच इशारा आहे. मालाची अधिक किंमत सांगितली नसेल तर भरपाई भाड्याच्या पटींत मोजली जाते, आणि नुकसानीची नोटीस माल नोंदविल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते.

टपालखात्याची गोष्ट निराळी. १८९८ च्या कायद्यानें, सरकारनें स्पष्ट शब्दांत पत्करली असेल तेवढी सोडून, वस्तु हरवल्याची जबाबदारी टपालखात्यावर ठेविली नव्हती. त्याच्या जागीं आलेला २०२३ चा कायदाही, नियमांनीं ठरवून दिलेली जबाबदारी सोडून, त्याच वळणाचा आहे. हें अन्यायाचें वाटेल. पण थोडक्या हंशिलांत खेड्यापाड्यांतून वस्तु नेणाऱ्या खात्यानें प्रत्येक पुडक्याच्या किंमतीची हमी घ्यावयाची म्हटलें, तर तें हंशील गरिबास परवडणार नाहीं. म्हणून ज्यास हमी पाहिजे त्यानें विमा उतरावा, अशी योजना आहे. १८७७ सालीं सुरू झालेल्या व्ही. पी. च्या पद्धतीनें खरेदीदाराची एक मोठी अडचण दूर केली. वस्तु दारीं आल्यावरच पैसे द्यावयाचे असल्यामुळें पार्सल हरवलें तरी त्याचे पैसे खिशांतच राहतात. कायदा कांहींही म्हणो, वाद सुरू होतांना पैसे कोणाच्या हातीं आहेत याला व्यवहारांत फार महत्त्व असतें. ज्याच्या हातीं पैसे असतात त्यास घाई नसते.

आजचा घरपोंच व्यवहार

आतां आपल्या विद्यार्थिनीकडे वळूं. तिनें वाहतूकदार निवडला नव्हता. त्याचें नांवही तिला ठाऊक नव्हतें. त्याच्याशीं करार केला विक्रेत्यानें, भाडें ठरविलें त्यानें, पावती राहिली त्याच्याकडे. आणि 'घरपोंच' हा शब्द त्यानें स्वतःच्या जाहिरातींत लिहिला होता. अशा व्यवहारांत ३९ व्या कलमाचा सामान्य नियम पुढें करणें योग्य नव्हे; कारण येथें दुसरें कांहीं ठरलें होतें, आणि तें लेखी ठरलें होतें.

इंग्लंडमध्यें २०१५ च्या कायद्यानें हा प्रश्न सरळच सोडविला आहे. सामान्य ग्राहकाच्या प्रत्यक्ष हातीं माल पडेपर्यंत जोखीम व्यापाऱ्याची. मात्र ग्राहकानें आपला स्वतःचा वाहतूकदार नेमला असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे हेंच फळ करार व ग्राहक-संरक्षणाचा कायदा यांच्या संयोगानें मिळतें. २०१९ चा ग्राहक-संरक्षण कायदा व त्याखालील २०२० चे ई-व्यापाराचे नियम यांप्रमाणें, सांगितलेल्या मुदतींत माल पोंचला नाहीं तर विक्रेत्यास पैसे परत करण्यास नकार देतां येत नाहीं. अटळ आपत्तीमुळें उशीर झाला असेल तेवढा अपवाद. जो माल उशिरा पोंचला त्याचे पैसे परत करावे लागतात, तर जो पोंचलाच नाहीं त्याविषयीं काय सांगावें ? वाहतूकदाराकडून भरपाई घेण्याचें काम त्याच्याशीं करार करणाऱ्या विक्रेत्याचें आहे. तें ग्राहकाच्या गळ्यांत घालतां येत नाहीं.

अशा प्रसंगीं काय करावें ? प्रथम, मागणीची पावती, पैसे भरल्याचा दाखला, व विक्रेत्यानें दिलेलें मुदतीचें वचन जपून ठेवावें. दुसरें, तोंडी भांडण न करतां लेखी मागणी करावी, व ती लौकर करावी. तिसरें, 'माल पोंचला' अशी नोंद दाखविली असेल, तर तो कोणी, कोठें व कोणाच्या सहीनें घेतला याचा पुरावा मागावा. कित्येक वेळां पुडकें शेजाऱ्याच्या कट्ट्यावर सुखरूप असतें! एवढ्यानें न भागल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा १९१५ हा दूरध्वनि आहे, आणि सातारा व सांगली या दोन्ही ठिकाणीं जिल्हा ग्राहक आयोग आहेत. ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यांत तक्रार करतां येते. दिल्लीच्या विक्रेत्यासाठीं दिल्लीस जावें लागत नाहीं. पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाहीं, व मुदत दोन वर्षांची आहे.

आमचे जे पालक स्वतः माल पाठवितात, त्यांस आमची नम्र सूचना एवढीच कीं, घरपोंच देण्याचें कबूल कराल तर हरवलेल्या पुडक्याचा भारही किंमतींत आधींच धरा. बांधणी चांगली करा, खरी किंमत नोंदवा, महागड्या वस्तूचा विमा उतरा, व पावती जपा. हें जमणार नसेल तर मागणीच्या वेळींच ग्राहकास स्वच्छ शब्दांत सांगा. वाद होतो तो पुष्कळदां न बोललेल्या शब्दाचा होतो.

वादाचा शेवट

विद्यार्थिनीनें आमच्या सल्ल्यानें विक्रेत्यास दुसरें पत्र लिहिलें. त्यांत राग नव्हता. 'घरपोंच' व 'आठ दिवसांत' हे त्याचेच दोन शब्द त्याच्यापुढें ठेविले होते, आणि पुस्तक किंवा पैसे यांपैकीं एक द्यावें अशी विनंति होती. बारा दिवसांनीं शब्दकोशाची दुसरी प्रत आली. वर्गांतील पहिल्या पक्षानें टाळ्या वाजविल्या.

परंतु गोष्ट तेथें संपली नाहीं. नाताळच्या सुटीनंतर एके दिवशीं पहिलें पुडकेंही आलें. कोपरे फाटलेले, तीन गांवांचे शिक्के घेतलेलें, पण आंतील पुस्तक अगदीं कोरें. मुलगी तें घेऊन वर्गांत आली. कोणी म्हणाले, "ठेव, विक्रेत्यास काय कळतें आहे?" कोणी म्हणाले, "त्यानें एवढा त्रास दिला, त्याची ही भरपाई." आम्ही गप्प राहिलों. तेव्हां ज्या मुलानें पूर्वीं विक्रेत्याची बाजू घेतली होती तो उठून म्हणाला, "ज्याचा माल त्याची जोखीम असें आपण शिकलों. मग ज्यानें जोखीम सोसली, माल त्याचाच नाहीं का ?"

मुलीनें त्याच दिवशीं विक्रेत्यास कळविलें, आणि आठवड्याभरांत पुस्तक परत नेण्यास माणूस आला. विक्रेत्यानें आपली जबाबदारी ओळखावी हें कायदा त्यास शिकवूं शकतो. पण वस्तु मिळाली असतां "मिळाली" असें म्हणणें, हें ग्राहकास घरीं व शाळेंतच शिकावें लागतें. दूरचा व्यवहार या दोन्ही गोष्टींवर चालतो. त्यांतील एक जरी ढासळली, तरी मिरजेचा तंबोरा मिरजेंतच राहील, व तासगांवचा बेदाणा तासगांवांतच.